अर्धी पट्टी

४ जानेवारी

वन्सं,

पत्र मिळालं. फोनचं म्हणाल तर तो नकोच. खालच्या इस्त्रीवाल्या बाईंच्या दुकानातल्या फोनवर तुम्ही ओरडता, त्यातलं मला 'हॅलो' तेवढं कळतं आणि उरलेलं सगळं रस्त्याला कळतं. शिलाई मशीनच्या खडखडाटात बसून माझे कान गेले ते गेलेच. आपलं पत्र बरं.

तुमच्या भावाची खबर चांगली आहे, म्हणून घाईने लिहिते. दुसऱ्या ऑपरेशननंतरही पाठ तशीच राहिली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मोठे डॉक्टर फोटो उजेडात धरून म्हणतात, मणके जागेवर आहेत, आता दुखायला कारण नाही. कारण नाही, पण दुखतंय. कमरेपासून टाचेपर्यंत कुणी तापलेली तार ओढतंय, असं हे म्हणतात. शेवटी गल्लीच्या तोंडाशी नवे डॉक्टर आलेत, त्यांनी गोळ्या दिल्या. पांढऱ्या, मधे रेघ असलेल्या. जपून घ्या, जोरदार आहेत, असंही बजावलं.

वन्सं, आठवड्याभरात हे कटिंगच्या टेबलाशी उभे राहिले. शिट्टी वाजवत होते. मला ती ऐकू आली नाही, ओठांचा चंबू दिसला, पण तेवढ्यानेच मला भरून आलं. तुम्हाला माहीतच आहे, आमच्याकडे कापड बेतायचं आणि कापायचं ह्यांनी, काज-बटण आणि तुरपाई माझी. ह्यांच्या कात्रीला दुसऱ्याने हात लावायचा नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी त्या कात्रीने नुसता दोरा कापला होता, तर ह्यांनी दोन दिवस अबोला धरला होता. ती कात्री इतके महिने टेबलावर आडवी पडली होती. आता चालायला लागली.

थंडीमुळे गोळ्या जरा जास्त लागतात, इतकंच. बाकी सगळं ठीक. तुमच्या पायाला जपा.

तुमची,
वहिनी


१६ जानेवारी

वहिनी,

पायाला जपा म्हणून तू लिहिलंस आणि पत्र वाटेत असतानाच मी न्हाणीघरात आडवी झाले. मांडीपासून खाली प्लास्टर. आयुष्यभर वॉर्डात दुसऱ्यांचे पाय टांगले, आता माझा टांगलाय. जुन्या मैत्रिणी भेटायला येतात आणि माझीच वाक्यं मला ऐकवतात. तीन-चार महिने घराबाहेर पडायचं नाव नाही. देव असलाच तर तो हिशेबाला पक्का आहे.

धाकटा उभा राहिला हे वाचून मी अंथरुणात टाळ्या वाजवल्या. पण वहिनी, तुझ्या पत्राच्या शेवटी एक वाक्य आहे, तिथे माझी गाडी अडली. 'गोळ्या जरा जास्त लागतात.' जरा म्हणजे किती? आणि थंडीचा गोळ्यांशी काय संबंध?

मी त्याची बहीण आहे तशी सिस्टरही आहे, म्हणून लिहिते. वॉर्डात एक सुतार होता, यंत्रात हात गेलेला. त्याचं दुखणं खरं होतं. पण पुढे पुढे तो दुखतंय म्हणून गोळी मागतोय की गोळी हवी म्हणून दुखणं सांगतोय, हे त्याचं त्यालाच कळेना. सगळ्यांचं असं होत नाही. कितीतरी माणसं याच गोळ्या घेऊन नीट कामाला जातात, नातवंडं खेळवतात. पण ज्याचं होतं, त्याच्या घरच्यांना सगळ्यात शेवटी कळतं. कारण त्यांना ते कळून घ्यायचं नसतं.

तेव्हा मला सरळ सांग. वेळेआधी गोळी मागतो का? बसल्या बसल्या पेंगतो का? डबी लवकर रिकामी होते का? तुझं उत्तर 'नाही' असेल तर मी कान पकडते.

तुझी,
वन्सं


९ फेब्रुवारी

वन्सं,

उत्तराला उशीर झाला. शाळेच्या गणवेशांचं काम आलं होतं.

राग मानू नका, पण तुमचं पत्र वाचून मला वाईट वाटलं. तुमचा भाऊ विडीलासुद्धा शिवलेला नाही. दुखतं म्हणून औषध घेणाऱ्या माणसाला त्या सुताराच्या ओळीत कशाला बसवायचं? दिवसभर टेबलाशी वाकून पाठीचं धनुष्य झालंय त्यांचं. चार गोळ्या जास्त घेतल्या तर काय बिघडलं? मी विचारलं होतं त्यांना. म्हणाले, "तुला काय वाटतं, मला हौस आहे?" मी पुन्हा तुरपाईला बसले.

पेंगतात थोडेसे, पण या वयात दुपारी कोण पेंगत नाही? परवा एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. गिऱ्हाईक चांगलं होतं, नवं कापड आणून दिलं. हे मात्र चिडले, की मीच त्यांना बोलण्यात गुंतवलं. मी तर तेव्हा तोंडात सुया धरून बसले होते. असो. माणूस दमला की घरच्यांवरच ओरडतो.

डबी आता मी बटणांच्या डब्यात ठेवते आणि माझ्या हाताने देते. तेव्हा काळजी नको. उत्तर 'नाही' असंच समजा आणि कान पकडा.

तुमची,
वहिनी


२० फेब्रुवारी

ताई,

हे पत्र हिला न सांगता लिहितोय. अक्षर वाकडं आलंय, कारण टेबलाशी उभा राहून लिहितोय. बसलं की तार पेटते.

तुझ्याशी खोटं बोलून उपयोग नाही, लहानपणी कधी पचलं नाही. दुखतं गं. फोटोत दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं मी सोंग करतो. गोळ्यांनी मला माणसात आणलं होतं. मग त्या पुरेनाशा झाल्या. एकीच्या जागी दोन, दोनाच्या जागी चार. आता डॉक्टर मोजून देतो आणि देताना माझ्याकडे असा बघतो, जणू मी त्याचा खिसा कापायला आलोय. स्टेशनापलीकडच्या दुसऱ्या डॉक्टरकडेही जाऊन आलो. हिला सांगितलं, गुंड्या आणायला जातोय.

आणखी एक सांगतो, तुलाच. कधीकधी दुखत नसतं तरी घेतो. दुखेल या भीतीने घेतो. घेतली नाही की अंगाला मुंग्या, नाकातून पाणी, हात थरथरतो, आणि कटरचा हात थरथरला तर त्याने काय करायचं? हिने बटणांच्या डब्यात लपवलेली डबी मला पहिल्याच दिवशी सापडली. बिचारी अजून डबा वरच्या फळीवर ठेवते आणि मला बघते तेव्हा हसते. तिचं हसू बघवत नाही.

तुझ्या ओळखीने थोड्या गोळ्या मिळतील का? या खेपेपुरत्या. मग मी स्वतःच बंद करतो, तुझी शपथ.

धाकटा


१ मार्च

वहिनी,

धाकट्याने मला पत्र लिहून गोळ्या मागितल्यात. तुला न सांगता लिहिलंय, म्हणूनच कळवते आहे. तो दोन डॉक्टरांकडून गोळ्या आणतो. तुझ्या बटणांच्या डब्यातली डबी त्याला पहिल्याच दिवशी सापडली. 'हौस आहे का' असं विचारून त्याने तुला गप्प केलं, तसे वॉर्डात सगळेच करायचे. तुला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? पण आता डोळे मिटून चालणार नाही.

त्याला मी उत्तर लिहिलेलं नाही. लिहायला घेतलं की एक तर शिव्या येतात नाही तर रडू येतं, आणि दोन्हींचा त्याला उपयोग नाही. तो ताळ्यावर आला की लिहीन.

आता नीट वाच. एकदम बंद करायचं नाही. एकदम बंद केलं तर अंग असा थयथयाट करतं की माणूस कुठूनही गोळी पैदा करतो. हळूहळू उतरवायचं. तू लिहिलं होतंस, गोळीच्या मधे रेघ आहे. ती रेघ त्यासाठीच असते. रेघेवर मोड आणि अर्धी दे. काही आठवडे अर्धी, मग पाव. चिडेल, घाम येईल, तुला नाही नाही ते बोलेल. ऐकू येत नाही याचा एकदा तरी फायदा करून घे.

त्या डॉक्टरला मात्र सांगायला जाऊ नकोस. धाकट्याच्या नावापुढे एकदा शिक्का बसला की पुढे हाड मोडलं तरी कुणी त्याला दुखण्याची गोळी देणार नाही. मी अशी माणसं विव्हळताना पाहिलीत आणि त्यांच्याकडे पाठ फिरवणारे डॉक्टरही पाहिलेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे आपण घरातच निस्तरू. मी सांगते तसं अर्धं कर. बाकी माझ्यावर सोड.

तुझी,
वन्सं


१२ मार्च

वन्सं,

पत्र दोनदा वाचलं. मला कळत नव्हतं असं नाही. गुंड्या आणायला जाणारा माणूस रिकाम्या हाताने परत येतो, हे बघायला कान लागत नाहीत.

ह्यांना तुमचं पत्र दाखवलं. आधी चिडले, मग टेबलावर डोकं ठेवून बसले. मग म्हणाले, "कर ती म्हणते तसं. मी तक्रार करणार नाही."

हातातली कामं उरकली की महिन्याच्या शेवटच्या रविवारपासून अर्धं करते. बाकी ठीक आहे. पायाचं कळवा.

तुमची,
वहिनी


२१ मार्च

धाकट्या,

तू ताळ्यावर आलास की लिहीन, असं तुझ्या बायकोला कळवलं होतं. पण तू कबूल झालास हे वाचलं आणि मला दम धरवेना. कबूल होणं हेच अर्धं ताळ्यावर येणं.

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही म्हणून माझ्यावर रागावला असशील. रागाव. मी तुझ्या पाठीवर कधी विश्वास ठेवला नाही असं नाही रे. दुखतं ते खरं आणि गोळीने धरलंय तेही खरं, दोन्ही एकाच माणसात राहू शकतं. त्याची तुला लाज वाटायला नको. पाय मोडला म्हणून मला कुठे लाज वाटते? नुसता वैताग येतो.

थरथर जाईल. हळूहळू जाते, पण जाते. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. दुखणं कदाचित पुरतं जाणार नाही, पण दुखण्यासकट जगायचे मार्ग असतात. प्लास्टर निघालं की मी येते आणि तुझ्या उरावर बसते. लहानपणी तुला मी पोहायला शिकवताना सोडून दिलं होतं आणि तू चार घोट पाणी प्यायलास, ते अजून काढतोस ना? या खेपेला हात सोडणार नाही.

टेबलाशी उभं राहून का होईना, दोन ओळी लिही.

ताई


१४ एप्रिल

वन्सं,

इस्त्रीवाल्या बाईंनी फोनवर तुम्हाला बातमी सांगितली तेव्हा तुम्ही ती दोनदा सांगायला लावलीत, असं त्या म्हणाल्या. प्लास्टरमधला पाय घेऊन तुम्हाला येता आलं नाही, याचं मनाला लावून घेऊ नका. माणसं खूप होती. ज्यांचे कोट ह्यांनी शिवले ते तेच कोट घालून आले होते.

ह्यांच्या नावाचं तुमचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. मी फोडलं. कटिंगच्या टेबलाशी उभी राहून मोठ्याने वाचलं. कुणाला वाचून दाखवत होते ते माहीत नाही.

आता सगळं लिहिते, कारण तुम्ही बहीण आहात आणि तुम्हाला त्यांचं शेवटचं कळायला हवं.

एक गोष्ट मी लपवली होती. तुमचं अर्धं करण्याचं पत्र आलं, तेव्हा गोळ्या बंद झाल्या होत्या. स्टेशनापलीकडच्या डॉक्टरचं आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांना कळलं. त्यांनी रागावून हाकलून दिलं नाही, उलट मला बोलावून घेतलं आणि गोळ्यांऐवजी पट्टी दिली. पाठीवर चिकटवायची, दोन-तीन दिवसांनी बदलायची, म्हणजे ह्यांना जास्त घेता येणार नाही. बरंच काही समजावलं. निम्मं मला ऐकू आलं नाही, आणि पुन्हा पुन्हा 'काय म्हणालात' विचारायची लाज वाटली, म्हणून मी मान हलवली. तुम्हालाही पट्टीचं कळवलं नाही. कळवलं असतं तर का बदललं, तेही लिहावं लागलं असतं. मला वाटलं, औषध आत तेच आहे. गोळी अर्धी होते तशी पट्टी अर्धी होईल. आमचा जन्मच अर्ध्याचं अर्धं कापण्यात गेला.

त्या रविवारी सकाळी ह्यांनी स्वतः पट्टी टेबलावर ठेवली. खडूने बरोबर मधोमध खूण केली. खूण करताना हात थरथरला, म्हणून पुसून पुन्हा केली. मग कात्री माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "तूच काप. मला सरळ नाही जमणार." वन्सं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ती कात्री मला आपल्या हाताने दिली. मी खुणेवर कापली. कड अजिबात हलली नाही. "हात बसलाय तुझा," म्हणाले.

आतून थोडं चिकट औषध बाहेर आलं. वाया जाऊ नये म्हणून मी तेही पाठीवर पसरलं, वरून अर्धी पट्टी लावली, कड चिकटपट्टीने बंद केली. पाठ आखडली होती, म्हणून वर गरम पाण्याची पिशवी ठेवली. दुपारी जेवून आडवे झाले आणि झोपले. कण्हणं नाही, कूस बदलणं नाही. मी मशीन बंद ठेवलं. शेजारी बसून काजं करत होते. त्यांच्या कपाळावरची आठी गेली होती. वन्सं, मी सुखात होते. वाटलं, अर्ध्यावरसुद्धा माणूस इतका शांत झोपतो, म्हणजे आपण जिंकलो.

इस्त्रीवाल्या बाई कोट घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, हे असे काय घोरतायत? मी हलवलं तर उठेनात. डॉक्टर पळत आले, पण तोवर सगळं संपलं होतं. हृदय थांबलं, म्हणाले. पट्टीवर शेकाचं फडकं बांधलेलं होतं, ते त्यांनी उलगडून पाहिलं नाही आणि मीही काही बोलले नाही. तुम्हीच सांगितलं होतं ना, त्यांना कळू द्यायचं नाही.

मी एका गोष्टीवर तग धरून आहे. हे सुटायच्या वाटेवर असताना गेले. व्यसनी म्हणून गेले नाहीत. ते तुमच्यामुळे.

उरलेल्या पट्ट्या घरात बघवत नव्हत्या. इस्त्रीवाल्या बाईंची कंबर उभं राहून राहून पार गेलीय, पण त्यांना डॉक्टरकडे जायला फुरसत नाही. त्यांना देऊन टाकल्या. येत्या रविवारी मी त्यांना अर्धी कापून लावून देणार आहे. ह्यांच्या मागे कुणाचं तरी दुखणं थांबू दे.

तुमची,
वहिनी


१७ एप्रिल

वहिनी,

हे पत्र माणसाच्या हाती पाठवते आहे. त्याआधी इस्त्रीवाल्या बाईंना फोन केला आणि सांगितलं, ती पट्टी अंगाला लावू नका, अख्खीही नाही आणि अर्धीही नाही, आणि हे पत्र येईपर्यंत वहिनीला काही विचारू नका. त्या घाबरल्यात, पण ऐकतील.

आता बसून वाच. इस्त्रीवाल्या बाईंना वर बोलावून घे, एकटी वाचू नकोस.

पट्टी कापायची नसते. ज्या पट्टीत औषध चिकट असं भरलेलं असतं, तिच्यातून ते थोडं थोडं झिरपावं अशी आतून रचना असते. कापली की ती रचनाच जाते आणि दिवसांचं औषध एकदम अंगात उतरू शकतं. वरून शेक दिला तर आणखी वेगाने. अशा औषधाने माणूस तळमळून मरत नाही. शांत झोपतो आणि त्याचा श्वास मंदावत जातो. बाईंनी ऐकलं ते घोरणं नव्हतं.

धाकट्याचं हृदय दुसऱ्या कशाने थांबलं असेल का? असेल. आता कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण जिने आयुष्यभर वॉर्डात ड्यूटी केली, तिला तुझं पत्र वाचून शंका उरली नाही, आणि शंका असल्याचं नाटक मी तुझ्यापाशी करणार नाही.

खरं म्हणजे करणार होते. तुझं पत्र वाचलं आणि ठरवलं, हे माझ्याबरोबर जाईल. 'तू सगळं बरोबर केलंस' असं उत्तर लिहायला घेतलं होतं. मग शेवटचा मजकूर वाचला. तू ते दुसऱ्या बाईला करायला निघाली आहेस, प्रेमाने, तशाच सरळ हाताने. मग मला गप्प राहता येईना. तुला वाचवायचं की तिला, अशी माझी अवस्था झाली, आणि मी तिला वाचवलं. तू मला माफ केलं नाहीस तरी चालेल.

पण दोष वाटायचा झाला तर नीट वाट. तू कापलंस ते माझ्या शब्दावर. डॉक्टरला सांगू नकोस, हेही माझेच शब्द. मला वाटलं, मी त्याला बदनामीपासून वाचवतेय. तू मला पट्टीचं सांगितलं नाहीस, कारण मी तुला तशी धाक घालणारी वाटले, आणि तशी मी आहेच. माझ्या धाकट्याला वेदना होती, त्या वेदनेच्या औषधाने त्याला धरलं होतं, आणि त्यातून तो बाहेर पडायला कबूल झाला होता. त्याने खडूने खूण केली, तेव्हा त्याला आपल्या दोघींवर केवढा भरवसा असेल. ते मला सहन होत नाही.

तुझी,
वन्सं


५ मे

वन्सं,

पत्र मिळालं. बाईंना वर बोलावलं नाही, एकटीनेच वाचलं. पुढचे दोन आठवडे कसे गेले ते लिहीत नाही. मशीनला हात लावला नाही.

बाईंकडून पट्ट्या परत घेतल्या. का परत घेतेय ते त्यांना सांगितलं. माझ्या तोंडाने सांगितलं, की मी कापली म्हणून हे गेले. त्या रडल्या. मला रडू आलं नाही.

मग डॉक्टरांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं, तुमचं अर्धं करण्याचं आणि हे शेवटचं, अशी दोन्ही पत्रं दाखवली. मोठ्याने बोला, मला कमी ऐकू येतं, असं पहिल्यांदा सांगितलं. इतक्या खेपा घातल्या, पण ते मी कधी बोललेच नव्हते. त्यांनी आवाज वाढवला, बाहेरच्या माणसांनाही ऐकू गेलं असेल, जाऊ दे.

मी विचारलं, की आम्हाला कमीच करायचं होतं, तर काय करायला हवं होतं? डॉक्टर उठले. कपाटातून एक पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. तीच पट्टी, वन्सं, लहान मापाची. तयार मिळते. मी विचारलं, याहून लहान? म्हणाले, याहूनही लहान आहे. ह्यांना पुढच्या महिन्यापासून हीच द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. व्यसन लागलंय हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं, आणि म्हणून ते ह्यांना टाकणारही नव्हते. नुसतं येऊन विचारायचं होतं.

तुमचा राग आला होता. अर्धं करायला सांगितलं म्हणून नाही. 'तू सगळं बरोबर केलंस' असं तुम्ही मला लिहिणार होतात, म्हणून. मी ते खरं मानलं असतं आणि मरेपर्यंत त्यावर जगले असते. पण मग मी तरी तुम्हाला काय लिहीत होते? 'बाकी ठीक आहे.' प्रत्येक पत्रात.

म्हणून आता पत्र पाठवू नका. पत्रात आपल्या दोघींनाही खोटं फार नीट लिहिता येतं. प्लास्टर निघालं असेल तर या. माफीचं काही बोलू नका, मीही बोलणार नाही. तुम्ही आलात तर मला रडता येईल, असं वाटतं. एकटीला जमत नाहीये.

वहिनी